गुळव्या आण्णा आणि चायना वडी

मी बनाबाई. आमच्या मालकांची गोष्ट सांगते, पण आधीच सांगून ठेवते, मधी हसायचं न्हाई. म्हातारपणी माणसाला काय काय हुतं ते तुमच्या घरात बी हुणारच हाय. आमच्या मालकांना सगळा गाव आण्णा म्हणतो. पोरं म्हणत्यात, सुना म्हणत्यात, ऐकून ऐकून मी बी आता आण्णाच म्हणते. आमचं गाव हातकणंगले तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. आणि आण्णा हाईत गुळव्या.

गुळव्या म्हंजी काय, ते शेरातल्या माणसाला सांगायला लागतं. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत घालून आटवत्यात. काहील म्हंजी लोखंडाची ही एवढी मोठी कढई, म्हस आत बसंल. खाली चुलवाणात जाळ घालणारा जळव्या उसाची चिपाडं सारत असतो. वरनं रसात भेंडीचा चिक घालायचा, घाण वर येती, तिला मळी म्हणत्यात, ती झाऱ्यानं काढायची. ही कामं कुणालाबी शिकवली की येत्यात. मी स्वतः लग्न झाल्यापासनं मळी काढत आलीय. पण पाक झाला का न्हाई, ते सांगणारा एकच. तो काठीला पाक घेतो, पाण्यात बुडवतो, बोटानं गोळी वळून बघतो आणि म्हणतो, "उतरवा." मग सगळ्यांनी मिळून काहील ओढायची आणि गूळ गार करायच्या वाफ्यात पालथी करायची. जरा आधी म्हणाला तर गूळ लिबलिबीत, ढेप बसत न्हाई. जरा मागनं म्हणाला तर पाक फुडं गेला, गूळ काळा पडला. शेतकऱ्याच्या वर्साच्या उसाचं काय हुतंय ते त्या एका शब्दावर असतंय. म्हणून गुळव्या शेवटच्या टायमाला काहिलीपासनं हलत न्हाई. आभाळ पडलं तरी हलत न्हाई.

आणि आमच्या आण्णांचं नेमकं तितंच घोडं पेंड खायला लागलं.

परवाच्या साली दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली, आणि माझ्या ध्येनात आलं की ह्यांचं बाजलं रातभर करकरतंय. उठत्यात, जात्यात, येत्यात, पडत्यात, पुन्हा उठत्यात. सकाळी इचारलं तर म्हणालं, "म्हशी बघाय गेलतो."

म्हटलं, "म्हशींना काय लगीनबिगीन ठरलंय काय, रातीत इतक्या येळा बघायला?"

त्यावर गप. आमच्या आण्णांचं हे एक हाय. काहिलीपाशी ह्यांचा आवाज गावाच्या वेशीपतोर जातो, आणि स्वतःचं दुखणं सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. पायात काटा मोडून कुरूप झालं तरी चार दिस लंगडत हिंडलं आणि म्हणालं, चप्पल लागतीया. मग हे असलं दुखणं कशाला सांगत्यात.

त्या साली आण्णा विश्वजितच्या गुऱ्हाळावर हुतं. विश्वजित म्हंजी गावातला तरणा शेतकरी, बापानं गुऱ्हाळ हातात दिलेलं, पोरगं गुणाचं. एक दिवस आधण, म्हंजी एका येळंला काहिलीत चढवलेला रस, शेवटाला आलं, काहिलीतला रस जाड बुडबुडं सोडाय लागला, आणि आण्णा काठी ठिवून चिपाडाच्या गंजीमागं गेलं. मी हातात झारा घेऊन बघतीया. जळव्या बघतोय. जळव्या म्हंजी गुंडू, ह्यांच्या बरोबरीचा, ल्हानपणापासनचा जोडीदार. विश्वजित बघतोय. आण्णा काय येईनात. आलं तवर पाक फुडं गेलेला. सगळा गूळ काळाकुट्ट.

विश्वजितनं खोरं घेतलं आणि गूळ वाफ्यातनं वढाय लागला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आण्णांनी मातर गुंडूवर तोंड सोडलं, "जाळ किती घातलास गा, कळत न्हाई व्हय?" गुंडूनं खाली मान घालून चिपाडं मागं वढली. त्याला सगळं ठावं हुतं. त्याला का ठावं हुतं, ते फुडं येईल.

दुसऱ्या दिवसापासनं आण्णांनी पाणी बंद केलं. व्हय, पाणी. सकाळी चहाचा एक कप, त्यानंतर सांजच्यापतोर थेंब न्हाई. आणि बसायचं कुठं, तर त्या धगीत. अंगातला सदरा घामानं भिजून पुन्हा अंगावरच वाळायचा. मी तांब्या घेऊन गेले की हातानं बाजूला सारायचं.

"प्यालं की जायाला लागतंय," मला म्हणालं. "न प्यालं तर जायाचा प्रश्नच न्हाई." आणि असं बघितलं माझ्याकडं, जणू काय मोठा शोधच लावलाय.

मला असा राग आला म्हणून सांगू. म्हटलं, "अवो, रस आटवायचं काम काहिलीचं हाय, तुमचं न्हाई."

आठ दिसांत उन्हाळी लागली. लघवीला आग आग. गंजीमागनं परत येताना चेहरा असा करायचं की हिरवी मिरची चावलीया. मी सब्जा भिजवला, धने-जिऱ्याचं पाणी केलं, ताक घुसळून दिलं. सगळं म्हशीच्या पाटीत गेलं. म्हशीची तब्येत मातर झकास झाली.

तशात अनुजा आली. ही माझ्या धाकट्या दिराची पोरगी. डाक्टरकी शिकाय चीनला गेलती. तिला इमानात बसवायला आमची निम्मी भावकी गाडी करून गेलती, आणि ती आत गेल्यावर भावकीनं तितंच विमानतळावर भाकरीची गठुडी सोडून जेवणं केलती. आता शिकून आली, हितली परीक्षा पास झाली, कोल्हापुरात एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डाक्टर म्हणून लागली. आल्यावर सगळ्या घरांत काय काय वाटलं. मला एक डबा दिला. त्यावर डोंगराचं चित्र आणि किडं-मुंग्यांगत अक्षरं.

"काकी, हा झाडपाल्याचा चहा हाय," ती म्हणाली. "तितं माझी घरमालकीण म्हातारी हुती. थंडीत बाथरूम लांब पडायचं म्हणून मी लघवी दाबून धरायची, आणि मला जळजळ सुरू झाली. म्हातारीनं मला तिच्या वैद्याकडं नेलं. त्यानं हे दिलं. डाक्टरनं गोळ्या बी दिल्या, आणि ह्यो चहा बी मी प्यायची. येताना म्हातारीनं रडत रडत डबा हातात ठेवला."

मी म्हटलं, "ते वैद्य काय म्हणत्यात, कशानं हुतं हे?"

"म्हणत्यात की अंगातली उष्णता खाली उतरून बसती. ती लघवीवाटं बाहेर काढायची."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाई गं, त्यालाच आमी उन्हाळी म्हणतो की. त्यासाठी एवढ्या लांब जायाला पायजे हुतं व्हय?" अनुजा हसाय लागली. आणि त्या हसण्यात मी तिला हळूच आण्णांचं सगळं सांगून टाकलं. आण्णा आतल्या खोलीत हुतं, आणि त्यांचं कान तिखट.

पोरीचं हसू बंद झालं. ती उठून आत गेली. "आण्णा, उद्या माझ्यासंगं दवाखान्यात चला. नुसतं तपासायचं."

"कुणाला काय झालंय?" आण्णा म्हणालं. "तुझ्या काकीला झालं असंल, तिला ने."

अनुजानं समजावलं, दटावलं, रडकुंडीला आली. शेवटी म्हणाली, "बरं, पाणी तरी प्या. आणि दवाखान्यात येत न्हाईसा तवर ह्या डब्याला हात लावू नका. हा ज्येला त्येला द्यायचा चहा न्हाई. तितला वैद्य बी आधी नाडी बघतो, जीभ बघतो, मगच पुडी बांधतो." एवढं सांगून ती डूटीवर गेली.

हात लावू नका म्हटल्यावर माणूस काय करतो? आण्णांनी सांजच्याला डबा फोडला, पेपरावर सगळा पसरला आणि चष्मा लावून बसलं. मी दारात उभी. आत इसबगोलागत बारीक बी हुतं, कसल्या गवताच्या गोडसर मुळ्या हुत्या, ज्येष्ठमधाचं तुकडं हुतं. आणि एक तपकिरी, केसाळ गुंता. आण्णांनी तो उचलला, वास घेतला, जिभंला लावला.

"आगं, ह्यो तर मका हाय. मक्याच्या कणसाची शेंडी. आपण म्हशीफुडं टाकतो ती."

"मग तुमाला बी टाकते," मी म्हटलं.

"चायनाचा माल हाय, टिकायचा न्हाई," म्हणालं. पण डोळं चमकत हुतं. मक्याची शेंडी बघून त्यांना चीनवर एकदम इश्वास बसला. वळखीचं माणूस भेटल्यागत.

आता खरी गंमत. अनुजानं सांगितलेलं की तिकडं हे गरम पाण्यात घालून, झाकून, गाळून पित्यात. आण्णांनी एक कप तसा केला, प्यालं, आणि तोंड वाकडं केलं. "फुळकवणी पाणी. ह्यात काय जीव हाय? औषध म्हटल्यावर आटवायला पायजे." आणि मग आमच्या गुळव्यानं जन्मभर जे केलं तेच केलं. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर दुपारच्याला काहील धुवायला टाकल्यावर, चुलवाणाच्या तोंडाशी पातेलं ठेवलं, त्यात सगळा डबा वतला, काकवी वतली, आणि आटवाय बसलं. वर फेस आला की तो झाऱ्यानं काढून टाकायचं. मी म्हटलं, "अवो, ते औषध असंल." म्हणालं, "मळी हाय ती." भेंडीचा चिक घातला. काठीला घेऊन पाण्यात बुडवलं, गोळी वळली. "उतरवा," स्वतःच म्हणालं आणि स्वतःच उतरवलं. वाटीत थापून वड्या पाडल्या. दिसायला अशा देखण्या, सोनेरी, की दुकानात ठेवल्या असत्या तर हातोहात गेल्या असत्या.

एक वडी तोंडात टाकली, आणि दुसरी गुंडूला दिली. तवा मला कळलं की गुंडूला बी तेच दुखणं हाय. दोघं गडी एकाच गंजीमागं जात हुते, एकमेकांकडं पाठ करून उभं ऱ्हात हुते, आणि एकमेकांना त्याबद्दल एक शब्द बोललं नव्हतं.

गुंडूच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. दोन दिसांत गुऱ्हाळावर माणसं याय लागली. एरवी काकवी प्यायला पोरं येत्यात. आता म्हातारी येऊ लागली. येऊन आधी उसाच्या भावाचं बोलायचं, मग पावसाचं, मग जरा खोकायचं, आणि मग हळू आवाजात, "आण्णा, ते हाय का, चायनाचं? मला न्हाई, माझ्या मेव्हण्याला पायजे."

दुसरा आला, त्यालाबी मेव्हण्याला. तिसरा आला, त्याचा मेव्हणा कुरुंदवाडला. मी मळी काढत ऐकत हुते. म्हटलं, काय गावावर साथ आलीया, आणि ती बी नुसत्या मेव्हण्यांवर. शेवटी एक दिवस विश्वजितचं वडील आलं. पंच्याहत्तरीचं, पांढरी टोपी, गावात मान. त्यांनी बराच येळ गूळ बघितला. मग म्हणालं, "आण्णा, आमच्या एका पावण्यांना..." फुडं त्यांना काय बोलवंना. आण्णांनी गप पेपरात वड्या बांधून दिल्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मला कसं सांगू, मला तितं हसायला बी आलं आणि वाईट बी वाटलं. एवढी कर्ती माणसं, आणि एवढीशी गोष्ट सांगता येईना.

वडीनं काय झालं म्हणाल, तर आण्णा म्हणायचं, गुण येतोय. कसला गुण? अंगात पाणी न्हाई, आणि त्यात हे आटवलेलं. आधी घडीघडी जायाला लागायचं, आता गंजीमागं जायाचं आणि नुसतं उभं ऱ्हायाचं. येळ दुप्पट, काम न्हाई. त्यालाच ते गुण म्हणायचं.

मग तो दिवस आला. सकाळपासनं आण्णांचा रंग उतरलेला. सदऱ्याची बटणं सोडलेली, एक हात पोटाखाली. मी इचारलं तर वसकन अंगावर आलं. आधण शेवटाला आलं. आण्णांनी काठीला पाक घेतला, पाण्यात बुडवला, गोळी वळाय गेलं आणि गोळी हातातनं पडली. पुन्हा घेतला. पुन्हा पडली. कपाळावरनं घाम, पण तो धगीचा घाम नव्हता, मला कळतंय की. डोळं काहिलीवर, पण ध्यान सगळं पोटात.

बुडबुडं मोठं झालं, मग आवाज बदलला. त्या आवाजाखाली माझा जन्म गेलाय. आता उतरवायला पायजे, आत्ता, ह्या घडीला. सगळी माणसं काहिलीच्या कड्या धरून आण्णांच्या तोंडाकडं बघत्यात. आणि आण्णांच्या तोंडातनं शब्द निघंना.

मी वरडले, "उतरवा."

एकबी हालला न्हाई. बाईनं उतरवा म्हटलेलं आमच्या गुऱ्हाळात कुणी ऐकलंच नव्हतं. मी पुन्हा वरडले, अशी वरडले की गुंडूनं घाबरून जाळ बाहेर वढला, आणि मग सगळ्यांनी काहील पालथी केली. वाफ्याकडं बघायला मला येळच नव्हता. आण्णा खाली बसलं हुतं. सदरा वर केला तर पोट ढोलागत टाईट. मला म्हणालं, "बना, सकाळपासनं थेंब न्हाई झाला."

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगितलं असंल. मला त्यांचा राग बी आला आणि गळ्यात पडून रडावं असं बी वाटलं. पैला राग केला. म्हटलं, "आता सांगतायसा व्हय, आता?" विश्वजितनं गाडी काढली. मी अनुजाला फोन लावला. कोल्हापूर येस्तवर गाडी खड्ड्यात गेली की आण्णा डोळं मिटायचं आणि गुंडू फुडच्या शीटवरनं ड्रायव्हर असल्यागत वरडायचा, "सावकाश, सावकाश."

दवाखान्यात नळी घातली. एवढंच. आणि आमचा माणूस असा हसाय लागला, असा हसाय लागला, की बाजूच्या पेशंटानं उठून बघितलं. डाक्टरला म्हणालं, "सायेब, तुमचं नाव काय? नातू झाला तर तेच ठेवतो." त्या डाक्टर बाई हुत्या. तरी म्हणालं, "मग नात झाली तर ठेवतो."

डाक्टरांनी सांगितलं की पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असती, प्रोस्टेट म्हणत्यात तिला, वय झालं की ती वाढती आणि वाट आवळती. सगळ्यांनाच कमी-जास्त हुतं, त्यात लाजायचं काय न्हाई. पाणी बंद केल्यानं जंतू झाल्यात, त्याचं औषध आधी, आणि मग ऑपरेशन. अनुजानं वडीचं सगळं ऐकून घेतलं. रागावणार म्हणून आण्णांनी चादर नाकापतोर घेतली.

"आण्णा, चहाचा डबा तुमी एका दिवसात आटवलासा?"

"फुळकवणी हुता."

"आणि फेस काढून टाकला?"

"मळी हुती."

"गाठ वाढलेली असती तवा त्यो चहा उपयोगाचा नसतोय. म्हणून तर वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो. तुमी कुणाला जीभ दाखवलीसा?"

मी म्हटलं, "जीभ मी बघत आलेय गं, लग्न झाल्यापासनं. नाडीचंच ऱ्हाऊन गेलं."

सगळी हसली. आण्णा हसलं न्हाईत. सगळी बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. दवाखान्यात, दिवसाढवळ्या. म्हणालं, "बना, विश्वजित आता दुसरा गुळव्या आणणार. शिरोळकडनं आणंल, गगनबावड्याकडनं आणंल. सारखं लघवीला उठणारा गुळव्या कोण ठेवंल गं? मला दुसरं काय येतंय?" आणि डोळ्यात पाणी.

आता मला कळलं, पाणी का बंद केलतं. लाज हुतीच, पण त्याच्या खाली ही भीती हुती. काहिलीपाशी हाय तवर ते आण्णा. तितनं उठलं की कोण? मी त्यांची चादर सारखी केली. म्हटलं, "आधी मोकळं व्हा. मग बघू कोण कुणाला ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी विश्वजित आणि त्याचं वडील भेटाय आलं. विश्वजितच्या हातात पेपराची पुडी. "आण्णा, तुमी गेलासा त्या आधणाचा गूळ हाय. बघा."

आण्णांनी पुडी सोडली. खडा उजेडात धरला, वास घेतला, दातानं कोपरा मोडला. मग खडा जिभंवर घोळवत बसलं. मी खिडकीतनं बाहेर बघत हुते, पण कान तिकडंच. चांगला झाला न्हाई म्हणालं असतं तर मी खिडकीतनं उडी टाकली असती.

"रंग बरोबर हाय," आण्णा म्हणालं. "कण बरोबर हाय. नाव ठेवायला जागा न्हाई." मग माझ्याकडं बघून, "तुला कसं कळलं गं?"

म्हटलं, "तुमी उतरवा म्हणायच्या आधी एक दम घेता. इतकी वर्सं त्यो दम ऐकतीया. त्या दिवशी तुमचा दम काय आला न्हाई, म्हणून मीच घेतला."

आण्णांनी खड्याचा उरलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. विश्वजितचं वडील खुर्चीवर चुळबुळ करत हुतं. शेवटी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अनुजाला म्हणालं, "पोरी, ते पावणं म्हटलेलं, ते मीच हाय. मलाबी तपासून घे."

मग काय, दार उघडल्यागत झालं. फुडच्या ऐतवारी अनुजा तिच्या दवाखान्यातल्या डाक्टर बाईंना घेऊन गुऱ्हाळावर आली. चिपाडाच्या गंजीच्या सावलीला टेबल मांडलं. गावातली सगळी म्हातारी वळीनं बसली. मी एकेकाला इचारत हिंडले, "मेव्हण्याला आणलं न्हाई व्हय?" सगळी खाली बघून हसायची. गुंडूला गोळ्यांवर भागलं. विश्वजितच्या वडलांना बी गोळ्याच. आण्णांचं ऑपरेशन झालं, झ्याक झालं.

आण्णा घरात पडून हुतं तवर काहील मी बघितली. पैल्या दिवशी गडी जरा टाळाटाळ करत हुते. गुंडूनं चुलवाणाच्या तोंडातनं डोकं वर काढून सांगितलं, "ती म्हणंल तवा उतरवायचं. न्हाई उतरवलं तर मी जाळ बंद करतो आणि घरला जातो." त्यानंतर कुणी टाळाटाळ केली न्हाई. एक आधण कच्चं उतरलं माझ्याकडनं, गूळ लिबलिबीत झाला, खोटं कशाला बोलू. बाकीची चांगली उतरली. रोज सांजच्याला गुळाचा खडा घेऊन मी घरी जायाची, आण्णा पडून चघळायचं आणि खोट काढाय बघायचं. एखाद्या दिवशी सापडायची. सापडली की भाकरी जास्त खायचं.

हंगाम संपत आला तवा डाक्टरांनी आण्णांना हिंडायला मोकळीक दिली. पैल्याच दिवशी गुऱ्हाळावर आलं. धुतलेलं धोतर, नवी टोपी. गड्यांनी सगळ्यांनी रामराम घातला. गुंडूनं बसायला पोतं आथरलं. आण्णा काहिलीपाशी त्यांच्या जाग्यावर बसलं, आणि मी झारा घेऊन बाजूला झाले. खरं सांगू? जरा वाईट वाटलं मला. पण माझ्या वाईट वाटण्यापेक्षा त्यांचा चेहरा बघून लई बरं वाटलं.

आधण शेवटाला आलं. बुडबुडं जाड झालं. गडी कड्या धरून उभं ऱ्हायलं. विश्वजितनं सवयीनं इचारलं, "आण्णा, उतरवायचं?"

आण्णांनी काहिलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. गुडघ्यावर हात ठेवून उठलं, धोतर सारखं केलं, आणि काहिलीपाशी असतो त्या आवाजात, उसात तोडकरी हुते त्यांनाबी ऐकू जाईल असं, म्हणालं, "तिला इचारा. मला लघवीला जायाचंय."

आणि निघालं. घाई न करता, दमानं, गंजीकडं. एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई.